घरच्या उबवणपेटींत अंडीं वायां कां जातात?

गेल्या वैशाखांत आमच्या संघाच्या कचेरींत एक सभासद भगिनी टोपली घेऊन आल्या. टोपलींत पंचवीस अंडीं होतीं, आणि तीं विकावयाचीं नव्हतीं. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या टापूंत त्यांची थोडी जिराईत जमीन आहे. पदरीं बावीस देशी कोंबड्या आहेत. आणि आठवड्याच्या बाजारीं अंडीं विकून जें कांहीं मिळतें त्यावर घरांतील मीठमिरची व मुलांच्या वह्या भागतात. त्याच पैशांतून शिल्लक टाकून त्यांनीं तीस अंड्यांची, आंत पंखा असलेली, विजेवर चालणारी उबवणपेटी घेतली होती. फाल्गुनांत तीस अंडीं घातलीं, आठ पिल्लें निघालीं. चैत्रांत पुन्हां तीस घातलीं, पांच निघालीं. दोन खेपांत मिळून सत्तेचाळीस अंडीं बुडालीं. "सासूबाई म्हणतात, पेटीनें अंडीं खाल्लीं. मलाही आतां तसेंच वाटूं लागलें आहे. विकून टाकूं काय?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि दुसऱ्या खेपेंतील न फुटलेलीं पंचवीस अंडीं त्यांनीं पुराव्यादाखल आमच्यापुढें ठेविलीं.

न उबलेलें अंडें हाच या बाबतींत खरा पुरावा होय. परंतु आपल्याकडे तो बहुधा न पाहतांच उकिरड्यावर जातो. मग कोणी पेटीस दोष देतो, कोणी वीज कडाडली होती असें सांगतो, कोणास शेजारणीची नजर आठवते, आणि शिकलेली मंडळी हवामानावर बोट ठेवून मोकळी होतात. कोंबडीचें पिल्लूं एकवीस दिवसांत तयार होतें. त्या एकवीस दिवसांपैकीं कोणत्या सुमारास त्याची वाढ थांबली हें अंडें फोडून पाहिल्यास बऱ्याच अंशीं कळतें. आणि तो काळ कळला कीं अनेक संभाव्य दोषांपैकीं दोन किंवा तीनच विचारांत घ्यावयाचे राहतात. म्हणून त्या दिवशीं सल्ला देण्याचें बाजूस ठेवून आम्हीं कचेरीमागील अंगणांत एक जुनी परात मांडिली आणि त्या भगिनींसह अंडीं फोडावयास बसलों.

हें काम स्वयंपाकघरांत करूं नये. नाकास फडकें बांधावें. अंड्याची बोथट बाजू, म्हणजे जिकडे हवेची पोकळी असते ती बाजू, वर करून टरफल चमच्यानें हलकेंच फोडावें, आणि आंतील पडदा सावकाश बाजूस करून पाहावें. काम झाल्यावर हात साबणानें धुवावे व सर्व अंडीं खोल पुरून टाकावीं. एक अंडें हातांत घेतांच ओशट लागलें व त्यास घाण येत होती. तें आम्हीं न फोडतां तसेंच पुरलें, कारण असें अंडें फुटलें तर अंगावरच्या कपड्यांची आशा सोडावी लागते. उरलेल्या चोवीसांचे चार ढीग झाले. सात अंड्यांत पिवळा बलक जसाच्या तसा होता, गर्भाची खूण नव्हती. नऊ अंड्यांत बलकावर रक्ताचें बारीक कडें दिसत होतें. म्हणजे गर्भ धरला होता, पण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास मेला होता. दोन अंड्यांत अर्धवट वाढलेलीं पिल्लें निघालीं, अंगावर विरळ लव आलेलीं. आणि सहा अंड्यांत पूर्ण वाढ झालेलीं, चोंच व नखें घट्ट झालेलीं पिल्लें होतीं. त्यांतील दोघांनीं टरफलास टोंचाही मारला होता. तीं पाहून त्या बाईंच्या डोळ्यांस पाणी आलें हें सांगावयास नको.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उत्तम उबवणींतही कांहीं गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांत व कांहीं अखेरच्या तीन दिवसांत मरतातच. मधल्या काळांत फार थोडे मरतात. घरगुती पेटींत घातलेल्या एकंदर अंड्यांपैकीं शेंकडा ७० च्या आसपास पिल्लें निघालीं तर काम चांगलें झालें असें समजावें. तिसांतून पांच याला मात्र दैव म्हणतां येत नाहीं.

आतां एकेक ढीग घेऊं. पहिला ढीग निर्बीज अंड्यांचा, आणि त्याचा पेटीशीं कांहीं संबंध नाहीं. पेटी निर्बीज अंड्यांतून पिल्लूं काढूं शकत नाहीं. (एका गृहस्थांनीं दुकानांतून अंड्यांचा पुठ्ठा आणून तो एकवीस दिवस उबविल्याचें आम्हांस ठाऊक आहे. दुकानांतील अंडीं बहुतेक पिंजऱ्यांतील कोंबड्यांचीं असतात व त्यांनीं जन्मांत कोंबडा पाहिलेला नसतो.) चौकशी केली तेव्हां असें कळलें कीं, या बाईंकडे बावीस कोंबड्यांमागें एकच कोंबडा, तोही चार वर्षांचा, आणि कळपांतील निम्म्या तलंगा त्याच्याच पोटच्या. दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा हें साधारण प्रमाण होय. जड जातींस आठांमागें एक ठेवावा. कोंबडा वयस्क झाला, त्याच्या पायांस खवडे झाले, किंवा उन्हाळ्याचा ताप फार झाला, तर बीज कमी पडतें. बापलेकींच्या जोड्यांपासून झालेल्या अंड्यांत गर्भ धरला तरी तो अशक्त असतो व उबवण घटते, हा तोटा निराळाच. कोंबडा बदलल्यावर लगेच अंडीं जमवूं नयेत. नव्या कोंबड्याचा संयोग झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंडीं सबीज होऊं लागतात, परंतु जुन्या कोंबड्याचें बीज कोंबडीच्या पोटांत दोन आठवडे व क्वचित् त्याहूनही अधिक टिकून राहतें. म्हणून नव्या कोंबड्याचींच पिल्लें हवीं असल्यास तीन आठवडे थांबावें.

अंडें सबीज आहे कीं नाहीं हें उबविण्यापूर्वीं बाहेरून ओळखतां येत नाहीं. परंतु कळपाची परीक्षा करितां येते. रोजच्या खाण्याचीं अंडीं बशींत फोडतांना बलकावरील पांढऱ्या ठिपक्याकडे पाहावें. निर्बीज अंड्यांत तो ठिपका लहान, भरीव व वेडावांकडा असतो. सबीज अंड्यांत तो थोडा मोठा व गोल असून त्याच्या कडेस वलय दिसतें. दहा अंडीं अशीं पाहिलीं म्हणजे कोंबड्याची योग्यता कळते, आणि अंडीं खाण्यास वायां जात नाहींत.

दुसरा ढीग, म्हणजे रक्ताच्या कड्याचीं नऊ अंडीं, आमच्या मतें सर्वांत बोलका होता. गर्भ धरून तीन दिवसांतच मरतो याचीं दोन मोठीं कारणें: पेटींतील ऊब चुकली, किंवा पेटींत घालण्यापूर्वींच अंडें बिघडलें. पुष्कळांस वाटतें कीं अंड्याचें आयुष्य पेटींत घातल्या क्षणापासून सुरू होतें. तसें नाहीं. अंडें कोंबडीच्या पोटांत सुमारें एक दिवस असतें, आणि तेथें सुमारें ४१ अंश सेंटिग्रेड उष्णता असल्यामुळें गर्भाची वाढ तेथेंच सुरू झालेली असते. घातलेल्या ताज्या अंड्यांतही तो हजारों पेशींचा झालेला असतो. अंडें बाहेर येऊन निवालें कीं ही वाढ थांबते व गर्भ निजल्यासारखा राहतो. पण त्यासाठीं तें सुमारें २१ अंशांखालीं निवावयास पाहिजे. त्याहून ऊन जागीं ठेविल्यास वाढ पुरती थांबतही नाहीं व नीट चालतही नाहीं. अशा रीतीनें कण्हत-कुंथत राहिलेला गर्भ पेटींत गेल्यावर दोन-तीन दिवसांत मरतो.

त्या बाईंनीं चैत्रांतील तीस अंडीं बारा दिवस जमविलीं होतीं, आणि तीं मांजरापासून राखावीं म्हणून स्वयंपाकघरांतील पत्र्याखालच्या फळीवर ठेविलीं होतीं. पुढें आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां दुपारीं त्या फळीवर ३९ अंश उष्णता भरली. म्हणजे पेटी विकत घेण्याचें कारणच नव्हतें. अंडीं फळीवरच उबूं लागलीं होतीं, फक्त वांकडीं! उबवणीचीं अंडीं १५ ते १८ अंशांत ठेवावीं व सात दिवसांच्या आंत घालावीं. सातांनंतर प्रत्येक दिवसागणिक उबवण घटत जाते, आणि जीं पिल्लें निघतात तींही उशिरां निघतात. आतां शीतपेटी ज्यांच्या घरीं आहे त्यांनाही आम्ही ती सुचवीत नाहीं, कारण तिच्यांत ४-५ अंशांची थंडी असते व ती गर्भास बाधते. देशावर उन्हाळ्यांत सर्वांत चांगलें साधन म्हणजे मातीचें मडकें. घरांतील अंधाऱ्या कोपऱ्यांत ओल्या वाळूच्या परातींत मडकें रोवावें, त्यास बाहेरून गोणपाट गुंडाळून तें सदा ओलें ठेवावें, आंत कोरडा भुसा घालून त्यांत अंडीं निमुळतें टोंक खालीं करून ठेवावीं, व तोंडास ओलें फडकें बांधावें. हवा कोरडी असल्यामुळें पाणी लवकर उडतें व मडकें घरापेक्षां पुष्कळ थंड राहतें. अंड्यांस मात्र पाणी लागूं देऊं नये. एवढें करूनही चैत्र-वैशाखांत चार दिवसांपेक्षां जास्त अंडीं जमवूं नयेत, आणि तीं खुराड्यांतून दिवसांत दोनतीनदां गोळा करावीं. दुपारभर कोंबडीखालीं राहिलेलें अंडें हें अर्धवट उबविलेलेंच अंडें होय.

परंतु नऊ अंड्यांचा सगळा भार त्या फळीवर टाकणें योग्य झालें नसतें, कारण जीं पांच पिल्लें निघालीं त्यांच्याबद्दल बाईंनीं एक गोष्ट सांगितली: तीं विसाव्या दिवशीं सकाळींच बाहेर आलीं, आणि त्यांच्या बेंब्या ओल्या व रक्ताळलेल्या होत्या. पिल्लें वेळेपूर्वीं व बेंबी न मिटतां निघाल्यास पेटींत ऊब अधिक आहे असें समजावें. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीं, पोटें फुगलेलीं व सुस्त अशीं निघाल्यास ऊब कमी आहे असें समजावें. पण पेटीवरील आंकडा तर सदैव ३७.५ दाखवीत होता, असें बाई म्हणाल्या. आंकड्यावर हा जो विश्वास, तोच घात करितो. इजिप्त देशांत मातीच्या मोठ्या भट्ट्यांतून कोंबड्यांचीं अंडीं उबविण्याचा धंदा प्राचीन काळापासून चालत आला. तेथील कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीस लावून ऊब ओळखीत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर यानें १७४९ मध्यें उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध करून या कामीं उष्णतामापकाचा पुरस्कार केला, तो योग्यच होता. पण मापक खरें बोलतो कीं नाहीं याची परीक्षा कारागिराच्या पापणीइतकीच जरूर आहे.

ही परीक्षा घरीं होते. ताप पाहण्याचा डॉक्टरी उष्णतामापक या कामीं पुरेसा विश्वासाचा असतो. तांब्याभर पाणी हातास कोमट लागेल इतपत करून त्यांत तो व पेटीचा मापक जवळजवळ धरावे, पाणी ढवळीत राहावें, आणि दोहोंचे आंकडे ३८ अंशांच्या आसपास ताडून पाहावे. (पेटीच्या मापकाचें टोंक पाण्यांत बुडविण्याजोगें नसेल तर डॉक्टरी मापक पेटींतच अंड्यांजवळ अर्धा तास ठेवून पाहावा.) या पेटीचा मापक एक अंश कमी दाखवीत होता. म्हणजे ३७.५ दिसे तेव्हां आंत ३८.५ असे. एक अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु एकवीस दिवस रात्रंदिवस चालणारा एक अंश कोंवळ्या गर्भास पुरेसा घातक होतो.

ज्यांच्या पेटींत पंखा नाहीं त्यांची चूक बहुधा उलट बाजूची असते. थर्मोकोलच्या डब्यांत दिवा लावून अनेकजण पेट्या करितात, व छापील कागदांत वाचलेला ३७.५ चा आंकडा तेथें लावितात. तो आंकडा पंख्याच्या पेटीचा आहे. तेथें हवा ढवळली जाते व वरखालीं ऊब सारखी असते. स्थिर हवेच्या पेटींत वर ऊन व खालीं गार असा थर बनतो. म्हणून तेथें अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर मोजून ३८.३ ते ३८.९ अंश (१०१ ते १०२ अंश फॅरनहाइट) ठेवावे लागतात. मापक झांकणाजवळ टांगलेला असेल तर तो अंड्यांची हकीकत सांगतच नाहीं.

तिसऱ्या ढिगाबद्दल थोडक्यांत सांगतों. तिसांतून दोन ही संख्या मनास लावून घेण्याजोगी नाहीं. मात्र मधल्या आठवड्यांत बरेच गर्भ मरत असतील, व त्यांची लव गांठाळलेली दिसत असेल, तर दोष कोंबड्यांच्या चाऱ्यांत शोधावा. नुसत्या ज्वारी-बाजरीवर ठेविलेल्या कोंबडीच्या अंड्यांत जीवनसत्त्वांची, विशेषतः रिबोफ्लेव्हिनची, वाण पडते. हिरवा लसूणघास व ताक या दोन वस्तू खेड्यांत मिळतात व त्या ही वाण भरून काढितात. टरफल पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा द्यावा. कुजलेल्या अंड्याचें कारण बहुधा घाण होय. मळलेलें अंडें उबवणीस घालूंच नये, आणि तें थंड पाण्यानें धुऊन घालणें तर त्याहून वाईट, कारण अंडें आंखडतें व टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण पाणी आंत ओढलें जातें.

आतां तीं सहा पूर्ण वाढलेलीं पिल्लें. एकाचें डोकें निमुळत्या टोंकाकडे होतें. अंडें उलटें ठेविल्यानें असें होतें. एकाचें कारण आम्हांस सांगतां आलें नाहीं. उरलेल्या चारांची कथा एकच होती: हवेची पोकळी फार मोठी, आंतील पडदा कागदासारखा वाळलेला, आणि लव त्याला डकलेली. त्यांना बाहेर येण्याची शक्ति होती, पण वळावयास ओल नव्हती.

अंड्यांतील पाण्याचा कांहीं अंश उबवणींत उडालाच पाहिजे. त्यामुळेंच हवेची पोकळी वाढते व पिल्लास पहिला श्वास घेण्यास जागा होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचें वजन शेंकडा ११ ते १३ घटावें. त्याहून अधिक घटलें तर पिल्लूं वाळून चिकटतें. कमी घटलें तर पोकळी लहान राहून पिल्लूं आपल्याच ओलींत गुदमरतें. यासाठीं पहिले अठरा दिवस पेटींत शेंकडा ५० ते ५५ आर्द्रता व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० ठेवावी असें सांगतात, व तें बरोबर आहे. परंतु त्यासाठीं वाटीभर पाणी ठेवावें हें जें पेटीबरोबरच्या कागदांत छापलेलें असतें, तें कोणत्या गांवासाठीं व कोणत्या महिन्यासाठीं, हें छापलेलें नसतें. पेटींतील हवा ही बाहेरचीच हवा तापवून झालेली असते. चैत्रांतील दुपारीं देशावर ३८ अंशांत शेंकडा २० आर्द्रतेची हवा असेल, तर पेटींतही, पाणी न ठेविल्यास, तेवढीच राहते. आषाढांत त्याच गांवीं २६ अंशांत शेंकडा ८० आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटींत तापून सुमारें ४२ होते. आणि कोंकणांत २८ अंशांत शेंकडा ९० असेल तर रिकाम्या पेटींतच ती ५० च्या पुढें जाते. तेथें अठराव्या दिवसापर्यंत वाटीभर पाणी म्हणजे अंडीं बुडविण्याचाच उद्योग होय.

हें लिहिणें आम्हांस सोपें जातें याचें कारण त्यासाठीं आम्हीं किंमत दिली आहे, किंवा खरें बोलावयाचें तर त्या भगिनींनीं दिली. चैत्रांतील वाळलेलीं पिल्लें पाहून आम्हीं त्यांस पसरट ताटलींत पाणी ठेवावयास सांगितलें. पाण्याची खोली नव्हे तर पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणून ताटली. मापक सुधारला, नवा कोंबडा आला, अंडीं मडक्यांत राहिलीं. आषाढांत पेटीची कसोटी घ्यावी म्हणून चोवीस अंडीं जमविलीं, आणि त्यांतील बारा पेटींत घालून बारा एका खुडूक कोंबडीखालीं रवणीस घातलीं. ही कसोटी सर्वांनीं एकदां करून पाहावी. दोन्हीकडे नुकसान झालें तर दोष अंड्यांचा; कोंबडीखालीं उबलीं व पेटींत बुडालीं तर दोष पेटीचा. कोंबडीखालीं बारांतून नऊ पिल्लें निघालीं. पेटींत सहा. पेटींतील उरलेलीं सहा फोडलीं तेव्हां एक निर्बीज, एकांत रक्ताचें कडें, आणि चारांत पूर्ण वाढलेलीं, चोंचेशीं पाणी साचलेलीं, ओलीचिंब पिल्लें. चैत्राचें औषध आम्हीं आषाढांत पाजलें होतें. बाईंनीं वजनें टिपून ठेविलीं होतीं. घालतांना बारा अंड्यांचें वजन ५०० ग्रॅम होतें व अठराव्या दिवशीं ४६८. तें ४४० च्या आसपास असावयास पाहिजे होतें. सातव्या दिवशींच वजन मागवून पाहिलें असतें तर ताटली काढावयास सांगतां आलें असतें. ही चूक सर्वस्वीं आमची.

म्हणून आतां आम्ही आर्द्रतामापकापेक्षां तराजूवर अधिक भरंवसा ठेवितों. (मापक असल्यास त्याची परीक्षा करावी: मिठाचा ओलसर लगदा व मापक एका घट्ट डब्यांत रात्रभर ठेवावे, सकाळीं त्यानें शेंकडा ७५ दाखवावे.) पदार्थ तोलण्याचा ग्रॅमचा कांटा पुरतो. बारा देशी अंडीं ५०० ग्रॅम भरलीं तर तीं सातव्या दिवशीं ४७७, चौदाव्या दिवशीं ४५३ व अठराव्या दिवशीं ४४० च्या सुमारास यावीं. वजन जास्त उतरत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. कमी उतरत असेल तर पाणी काढून टाकावें. मधून निर्बीज अंडीं काढलीं तर उरलेलीं निराळीं तोलून नवा हिशेब धरावा. मात्र आर्द्रता वाढविण्यासाठीं पेटीचीं हवेचीं भोंकें कधींही बुजवूं नयेत. शेवटच्या दिवसांत पिल्लांस श्वासासाठीं हवा सर्वांत जास्त लागते.

अखेरच्या तीन दिवसांत माणसाच्या हातून होणारें नुकसान पेटीच्या हातून होणाऱ्या नुकसानाहून कमी नसतें. अंडीं फिरविणें अठराव्या दिवशीं बंद करावें. तोंपर्यंत तीं दिवसांतून तीन किंवा पांच वेळां फिरवावीं, म्हणजे रात्रीची लांब विश्रांति एकाच अंगावर येत नाहीं. एका बाजूस शिसपेन्सिलीनें फुली व दुसरीस शून्य काढिल्यास घोटाळा होत नाहीं. अठराव्या दिवसानंतर झांकण उघडूं नये. चैत्रांत पहिला टोंचा पडल्यावर त्या घरचीं व शेजारचीं मुलें दर घटकेस झांकण उघडून पाहत होतीं, आणि प्रत्येक वेळीं आंतील ओली हवा निघून जाऊन टोंचलेल्या पिल्लांवरील पडदा वाळत होता. टोंचा मारल्यावर पिल्लास बाहेर येण्यास बारा ते चोवीस तास लागतात. तें थांबतें तेव्हां मेलेलें नसतें, बलक पोटांत ओढून घेत असतें व पडद्यांतील रक्त आटण्याची वाट पाहत असतें. त्या वेळीं दयेनें टरफल सोलल्यास रक्त वाहून तें मरतें. निघालेलीं पिल्लेंही घाईनें काढूं नयेत. पोटांतील बलकावर तीं दोन दिवस दाणापाण्यावांचून सुखानें राहतात, म्हणून सर्व सुकल्यावर एकदांच काढावीं.

भारनियमनाची भीति पुष्कळांस वाटते, पण ती वाटते तितकी खरी नाहीं. वीज गेल्यास पेटी न उघडतां, भोंकें मोकळीं ठेवून, वर गोधडी टाकावी. दोनतीन तासांच्या गारव्यानें पिल्लें थोडीं उशिरां निघतात, एवढेंच. गारव्यापेक्षां अतिरिक्त ऊब फार लवकर मारते. म्हणून खिडकींतील ऊन जेथें येतें तेथें पेटी ठेवूं नये, आणि वीज आल्यावर गेलेली ऊब लवकर भरून काढावी म्हणून आंकडा चढवूं नये.

त्या भगिनींनीं पेटी विकली नाहीं. हा मजकूर छापावयास जात असतां कार्तिक चालू आहे व त्यांच्या पेटींत अंड्यांचा अकरावा दिवस आहे. अठ्ठावीस अंडीं घातलीं होतीं. सातव्या रात्रीं त्यांनीं तीं भ्रमणध्वनीच्या विजेरीवर धरून पाहिलीं तेव्हां तीन निर्बीज निघालीं व एकांत रक्ताचें कडें दिसलें. हीं चार काढून टाकिलीं. उरलेल्या चोविसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा स्पष्ट आहेत, आणि सात दिवसांत त्यांचें वजन शेंकडा पांचाच्या आंतच उतरलें आहे. ताटलीच्या जागीं सध्यां एक लहान वाटी आहे. चौदाव्या दिवसाचें वजन त्या आम्हांस कळविणार आहेत.